कोशाने शेवट सांगण्यापूर्वी सावध करावे का?

अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी रंगमंचावर आले आणि कोविडच्या साथीतला खंड वगळता तिथे त्याचे प्रयोग सुरूच राहिले आहेत. प्रयोग संपला की रंगमंचावरूनच प्रेक्षकांना विनंती केली जाते, की खुनी कोण हे बाहेर कोणालाही सांगू नका. हे नाटक ज्या कथेवर बेतले आहे ती १९५० साली अमेरिकेत पुस्तकरूपाने आली, परंतु नाटक चालू आहे तोवर ती ब्रिटनमध्ये छापू नये, अशी खुद्द लेखिकेचीच इच्छा होती. इतक्या कसोशीने जपलेले हे रहस्य इंग्रजी विकिपीडियावरील लेखात मात्र सरळ सांगितलेले होते. २०१० साली त्यावरून वाद झाला, ख्रिस्ती यांचे नातू मॅथ्यू प्रिचर्ड यांनी नाराजी बोलून दाखवली, पण विकिपीडियाने खुन्याचे नाव काढले नाही.

विकिपीडियावर सुरुवातीच्या काळात कथानकाच्या आधी ‘पुढे रहस्य उघड केलेले आहे’ अशा अर्थाची पाटी लावली जात असे. बऱ्याच चर्चेनंतर २००७ साली ती पद्धत सोडून देण्यात आली. ‘कथानक’ असे शीर्षक असलेल्या भागात कथानकच असणार, मग वेगळी सूचना कशाला, असा त्यामागचा मुख्य युक्तिवाद होता. तो योग्य होता की नाही हे ठरवण्यापूर्वी, शेवट आधी कळल्याने वाचकाचे नेमके किती आणि कोणते नुकसान होते, हे पाहायला हवे. मानसशास्त्राने या प्रश्नाकडे गेल्या काही दशकांत गांभीर्याने लक्ष दिले आहे.

सर्वांत गाजलेला प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांचा. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी बारा लघुकथा निवडल्या. काही रहस्यकथा, काही शेवटी कलाटणी घेणाऱ्या आणि काही निव्वळ साहित्यगुणांसाठी वाचल्या जाणाऱ्या. प्रत्येक कथा तीन रूपांत तयार केली. एक मूळ रूप. दुसऱ्यात कथेच्या आधी एक स्वतंत्र परिच्छेद, ज्यात बोलता बोलता शेवट सांगून टाकलेला. आणि तिसऱ्यात तोच परिच्छेद जणू कथेचीच सुरुवात असल्याप्रमाणे मजकुरात मिसळलेला. वाचकांनी एक ते दहा या मोजपट्टीवर कथा किती आवडली ते नोंदवले, आणि ज्यांनी एखादी कथा पूर्वी वाचलेली होती त्यांचे त्या कथेचे गुण धरले नाहीत. निकाल अपेक्षेच्या अगदी उलट लागला: आधी स्वतंत्र परिच्छेदातून शेवट कळलेल्या वाचकांना तिन्ही प्रकारच्या कथा थोड्या अधिकच आवडल्या. मजकुरात मिसळलेल्या परिच्छेदाने मात्र फारसा फरक पडला नाही. शेवट ठाऊक असला की धागे जुळवण्याचा ताण कमी होतो आणि मन लेखनाच्या बारकाव्यांकडे वळते, असे एक स्पष्टीकरण या संशोधकांनी पुढे मांडले.

एवढ्यावर प्रश्न मिटला असे समजणे घाईचे ठरेल. बेंजामिन जॉन्सन आणि जूडिथ रोझेनबॉम यांनी नंतर केलेल्या प्रयोगात उलटा कल दिसला. शेवट न कळलेल्या कथांमध्ये वाचकांना मजा आणि उत्कंठा अधिक वाटली. ‘आवडले’ या एका शब्दाखाली अनेक अनुभव दडलेले असतात आणि शेवट फुटल्याचा परिणाम त्या सर्वांवर सारखा होत नाही, हे या अभ्यासामुळे ध्यानात आले. याच दोघांच्या पुढच्या अभ्यासात वाचकावाचकांतला फरकही पुढे आला: ज्यांना भावनांची उलथापालथ हवीहवीशी वाटते, त्यांना शेवट ठाऊक नसलेल्या कथा अधिक भावल्या.

मला स्वतःला याहूनही मोलाचा वाटतो तो रिचर्ड गेरिग यांचा १९८९ सालचा शोधनिबंध. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ते हे पद स्वीकारतील की नाही अशी शंका निर्माण करणारा मजकूर वाचायला दिला, की ‘वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले’ हे विधान खरे असल्याचे सांगायला वाचकांना अधिक वेळ लागला. कथेत गुंतलेले मन आपल्याजवळचे ज्ञान लगेच वापरत नाही, आणि म्हणून ठाऊक असलेल्या गोष्टीतही उत्कंठा टिकते. कीर्तनाच्या उत्तररंगात हरिश्चंद्राचे आख्यान ऐकणाऱ्या श्रोत्यांना शेवट पाठ असतो, तरी स्मशानातल्या प्रसंगाला त्यांचे डोळे भरून येतात, ते याच कारणाने असावे.

हे सारे पाहता धोक्याची पाटी लावणे मला कोशाचे काम वाटत नाही. विद्यार्थी, समीक्षक, अनुवादक किंवा कित्येक वर्षांपूर्वी पाहिलेले नाटक आठवू पाहणारा रसिक कोशाकडे पूर्ण माहितीसाठीच येतो. शिवाय कशाला रहस्य म्हणायचे हे ठरवायचे कोणी? शोकान्त नाटकाला शोकान्त म्हणणे हेसुद्धा शेवट सांगणेच आहे. टिचकी मारल्यावरच दिसणारा झाकलेला मजकूर हा उपायही अपुरा आहे, कारण छापील प्रतीत तो निरुपयोगी ठरतो आणि पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकप्रणाली) वापरणाऱ्या अंध वाचकाला अडचणीचा होऊ शकतो.

तरीही वाचकाची निवड हिरावून घेतली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. नुकसान सरासरीने लहान असले, तरी पहिल्यांदा चकित होण्याचा अनुभव एकदाच मिळतो आणि तो परत करता येत नाही. शीर्षक हीच सूचना आहे, हा विकिपीडियाचा युक्तिवाद मला पटतो, पण वाचक त्या शीर्षकापर्यंत पोहोचतो तेव्हाच तो लागू पडतो. आज शोधयंत्र लेखातल्या चार ओळी उचलून थेट पडद्यावर दाखवते, आणि बोलणारा सहायक तर नाटक कोणत्या नाट्यगृहात आहे एवढे विचारले तरी त्याच दमात आणखी काही वाचून दाखवू शकतो. म्हणून मराठीत असो वा इंग्रजीत, कोशासाठी लिहिणाऱ्याने नोंदीच्या पहिल्या परिच्छेदात लेखक, वर्ष, प्रकार, प्रयोगाचा इतिहास आणि कलाकृतीचे महत्त्व द्यावे, आणि खुन्याचे नाव कथानकाच्या भागात, न लपवता, पूर्ण वाक्यात लिहावे.