वडिलांची पॉइंट टू-टू रायफल आपल्या नावावर करताना अर्ज कुठे अडतो

घरात पूर्वी कुणी नेमबाजी करायचे, त्यांची बीएसए मार्टिनी, ब्रनो किंवा आन्शुट्झ कंपनीची पॉइंट टू-टू (.२२) रायफल अजून कपाटात आहे, आणि परवानाधारक एक तर थकलेत किंवा आता हयात नाहीत, अशा घरांसाठी ही माहिती. नळी नीट राखली असेल तर साठ-सत्तर वर्षांची .२२ टार्गेट रायफल आजही ५० मीटरवर सुरेख ग्रुपिंग देते, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या अगदी जवळ लागतात. असे असूनही चांगल्या रायफली मुद्देमाल खोलीत गंजून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यामागे कायदा आडवा येण्यापेक्षा अर्जातल्या चुकाच जास्त असतात. रायफल .३०३ असेल तर मात्र पुढे दिलेली अर्जाची वाट लागू होत नाही. ते बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) प्रतिबंधित वर्गात येते आणि प्रकरण थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते.

सगळ्यात घातक गैरसमज मुदतीचा आहे. ‘बाबांच्या परवान्यावर अजून दोन वर्षांची मुदत आहे, दिवस-कार्य उरकलं की बघू’ असे म्हणत लोक सहा-सहा महिने काढतात. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो. ती व्यक्ती गेली की पुस्तिकेवर कोणतीही तारीख असली तरी घरातल्या इतरांना त्या रायफलीवर हक्क उरत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. ड्रॉवरमधली उरलेली काडतुसेही सोबत द्यायची, ती बहुतेक जण विसरतात. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही हे मान्य, पण पोलिस अहवालात ‘शस्त्र विनापरवाना घरात ठेवले’ एवढे एक वाक्य आले की वारसाचा अर्ज तिथेच बसतो. जमा करताना पावतीवर रायफलीचा मेक, बोअर आणि पूर्ण नंबर लिहून घ्या. ‘एक जुनी रायफल’ एवढ्याच नोंदीची पावती घेऊन निघू नका.

परवानाधारक हयात असतील तर एवढी धावपळ टाळता येते, आणि हेच कुणी सांगत नाही. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षे असले, यातले जे आधी होईल तेव्हा, ते स्वतः वारसाचे नाव सुचवू शकतात. वारसाने पात्रतेच्या अटी पूर्ण करायच्या आणि पोलिस अहवाल स्वच्छ असला पाहिजे, एवढेच. वडील समोर असताना झालेले काम आणि ते गेल्यावर भावंडांच्या सह्या गोळा करत केलेले काम यांत फार फरक पडतो. त्याआधी त्यांच्या परवान्याला यूआयएन, म्हणजे सरकारी नोंदीतला विशिष्ट ओळख क्रमांक, मिळालेला आहे का, तेवढे पाहा. २९ जून २०२० नंतर यूआयएन नसलेला परवाना वैध धरला जात नाही. वयस्कर लोकांचा तो नेमका राहून गेलेला असतो.

आता कुणाकडेच नसलेला कागद: खरेदीची पावती. १९५८ साली घेतलेल्या रायफलीचे बिल आज कुठून आणणार? तरी काही ठिकाणी ते मागतात आणि माणूस हेलपाटे घालत राहतो. बिल नसेल तर जुन्या परवाना पुस्तिका शोधा. नूतनीकरणाचे शिक्के असलेली फाटकी पुस्तिकासुद्धा रद्दीत टाकू नका. त्याही नसतील तर ज्या कार्यालयाने परवाना दिला तिथल्या नोंदवहीचा प्रमाणित उतारा मागा. तोंडी दाद लागत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा.

बिलापेक्षा जास्त प्रकरणे रायफलीच्या नंबरावर अडकतात. जुन्या पुस्तिकेत कारकुनाने हाताने नंबर लिहिलेला असतो. बीएसएच्या बऱ्याच रायफलींवर आकड्यांआधी इंग्रजी अक्षरे असतात, ती पुस्तिकेत गाळलेली सापडतात. कधी ३ चा ८ झालेला असतो, कधी नंबर म्हणून चक्क पेटंट क्रमांक चढवलेला. शस्त्र आणि कागद जुळत नाहीत असा शेरा मग हमखास पडतो. वडिलांच्या देखतच रायफल उजेडात घ्या, बॉडीवरच्या कोरीव नंबरावर पांढरा खडू घासून वरून कापड फिरवा. खाचांत खडू राहतो आणि अक्षरे स्पष्ट वाचता येतात. फोटो काढा, पुस्तिकेशी ताडून पाहा, आणि फरक असला तर दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याच सहीने आधी द्या.

इथेच एक कळकळीची विनंती. गंज घालवायचा म्हणून जुनी रायफल पॉलिश किंवा नव्याने ब्लूइंगला (धातूवर गंजरोधक निळसर-काळा थर चढवायला) देऊ नका. घासण्यात नंबर पुसट झाला तर प्रकरण कलम ८ मध्ये जाते. ओळखचिन्ह खोडणे हा गुन्हा आहे, आणि असे शस्त्र ज्याच्याकडे सापडते त्यानेच ते खोडले असे, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा गृहीत धरतो. हौसेने चकचकीत केलेली रायफल मग कुणाच्याच नावावर होत नाही.

अर्जातला कारणाचा रकानाही असाच घात करतो. कुणीतरी सांगते म्हणून लोक ‘जीवितास धोका’ लिहितात. मग धोक्याचा पुरावा मागितला जातो, तो नसतो, आणि अर्ज नामंजूर होतो. वारसा हे कारण लिहा आणि तुम्ही नेमबाजी करत असाल तर तेही लिहा. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सदस्याला टार्गेट प्रॅक्टिससाठी .२२ रायफल हवी असेल, तर कलम १३(३) मध्ये परवाना ‘द्यावा’ अशीच भाषा आहे. कलम १४ खाली नाकारण्याचे अधिकार राहतात, पण ठोस कारण द्यावे लागते. हे कलम अर्जात नावानिशी नमूद करा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रांची मर्यादा आली, ती वारसाच्या शस्त्रांनाही लागू आहे. पण अशा सदस्याच्या टार्गेट प्रॅक्टिसच्या .२२ ला कलम ३ मध्येच सूट आहे. त्यामुळे क्लबचे सदस्यत्व अर्जाच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. नियमांत खेळाडूसाठी दोन वर्षांच्या सक्रिय सदस्यत्वाची अपेक्षा आहे, आणि रेंजवरची हजेरी व स्कोअरशीट हाच त्याचा पुरावा.

बाकीचे सरळ आहे. वय किमान २१. एनडीएएल-एएलआयएस या शस्त्र परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर ए-१ नमुना भरायचा आणि प्रिंट जमा करायची: पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकारी कार्यालयात. सोबत ओळख, वय, पत्ता, फोटो, मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि मानसिक स्वास्थ्य व निर्व्यसनीपणाचा उल्लेख असलेला वैद्यकीय दाखला. बाकी वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे लागतात, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून फाइल परत येते. ती आधी घ्या. रायफल ठेवायचीच नसेल तर विकण्यासाठी ठरावीक मुदतीची परवानगी मागता येते.

फाइल फिरत असताना रायफल जमा असते, आणि पावसाळ्याचे चार महिने तिला भारी पडतात. जमा करण्यापूर्वीच बोल्ट काढता येत असेल तर तो काढून मागच्या बाजूने नळी पुसा, आत तेलाचा पातळ हात द्या. कॅनव्हासच्या कव्हरात ठेवू देऊ नका, ते ओल धरते. शक्य असेल तर पोलिस ठाण्यापेक्षा शस्त्रविक्रेत्याकडे ठेवा. भाडे पडते, पण महिन्याकाठी तेल लावायची सोय होते. परत मिळाल्यावर पहिली गोळी झाडण्याआधी नळीतले तेल कोरड्या पॅचने (कापडाच्या छोट्या तुकड्याने) पूर्ण काढा.

अर्ज फेटाळला गेला तर कारणे लेखी मागा. कलम १४ प्रमाणे ती नोंदवावी लागतात आणि, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर, मागितल्यावर द्यावी लागतात. कलम १८ खाली अपील करता येते आणि त्याला ३० दिवसांची मुदत असते. ती आदेशावरच्या तारखेपासूनच मोजा.