बुडापेस्ट आणि एंग्लंड: फरक एका सी-प्याद्याचा

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर चटई टाकायची, बुद्धिबळाचा पट मांडायचा. अशाच एका दुपारी माझ्या भाच्याने मला आठव्या चालीत मात केलं. मी डी४ खेळलो, म्हणजे वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८), त्याने लगेच ई५ केलं. मी प्यादं खाल्लं, आणि थोड्याच वेळात त्याचा वजीर माझ्या सी१ घरात येऊन बसला. "मामा, याला बुडापेस्ट गॅम्बिट म्हणतात," पोट्टं ऐटीत म्हणालं. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन बदल्यात काही मिळवायचा डाव.

तो बुडापेस्ट नव्हताच, एंग्लंड होता. पण गफलत एकट्या त्याची नाही. नागपूरच्याच दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत पोरं मोबाइलवर ओपनिंगचे व्हिडिओ बघताहेत, आणि दोन्ही गॅम्बिट दिसतात सारखेच. पांढऱ्याने डी४ खेळायचं, काळ्याने ई५ करून प्यादं पुढे करायचं, पुढे वजीर ई७ वर, बी४ वरून शह आणि शेवटी एक झकास मात. इतकं साम्य असूनही एक गॅम्बिट शंभर वर्षांहून जास्त टिकला आहे, आणि दुसरा समोरच्याला उत्तर ठाऊक असलं की कोसळतो.

आधी एंग्लंड. १. डी४ ई५ २. पांढरा ई५ खातो, घोडा सी६ ३. घोडा एफ३, वजीर ई७ ४. उंट एफ४, वजीर बी४ शह ५. उंट डी२, वजीर बी२ खातो. इथे मी उंट सी३ वर नेला. वजिरावर हल्ला होतोय, शिवाय आपला हत्तीही झाकला जातोय, असं वाटलं. त्याने उंट बी४ वर टाकला. मी वजीर डी२ वर आणला, त्याने सी३ वरचा उंट खाल्ला, मी वजिराने परत खाल्ला आणि वजीर सी१ मात. माझी चूक सहाव्या चालीत झाली. तिथे उंट नाही, घोडा सी३ वर काढायचा. मग हत्ती बी१ वर येतो, काळा वजीर ए३ वर पळतो, हत्ती बी३ वर जाऊन त्याला आणखी पिटाळतो. त्या वजिराच्या पळापळीत पांढऱ्याचे मोहरे एकेक करून बाहेर येतात आणि काळ्याचे घरीच बसून राहतात. म्हणजे सापळा चुकवला की काळ्याकडे सापळ्याशिवाय काहीच उरत नाही. स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लंड यांनी १९३२ मध्ये याच सुरुवातीची खास स्पर्धा भरवली होती, म्हणून हे नाव. हौस म्हणून ठीक आहे.

आता बुडापेस्ट. इथे काळा घाई करत नाही. १. डी४ घोडा एफ६ २. सी४, आणि मग ई५. पांढऱ्याने प्यादं खाल्लं की घोडा जी४ वर उडी मारतो आणि ते प्यादं परत मागायला लागतो. पांढरा ४. उंट एफ४ ने ते राखू पाहतो, घोडा सी६ ५. घोडा एफ३, उंट बी४ शह ६. घोडा बी१ वरून डी२, वजीर ई७ ७. ए३, आणि आता काळा बी४ वरचा उंट तसाच सोडून जी४ च्या घोड्याने ई५ खातो. पांढऱ्याने हावरटपणे उंट खाल्ला तर घोडा डी३ मात! ई२ च्या प्याद्याला तो घोडा खाता येत नाही, कारण समोर ई७ वर वजीर आहे, प्यादं हललं तर राजालाच शह.

सापळा इथेही आहे, फरक तो चुकवल्यावर कळतो. पांढऱ्याने उंट नाही खाल्ला, तरी काळ्याचं प्यादं परत आलेलं आहे, मोहरे बाहेर आहेत, राजा किल्ल्यात जायला मोकळा आहे. पांढऱ्याकडे उंटांची जोडी राहते, म्हणून त्याचं पारडं थोडं जड. पण काळ्याला रडायचं कारण नाही.

मला यात सगळ्यात आवडतो तो सी-प्याद्याचा मामला. डी३ वरची ती मात पुन्हा बघा. सी-प्यादं अजून सी२ वर असतं, तर त्यानेच घोडा खाल्ला असता. ते सी४ ला निघून गेलंय, म्हणून मात. बी४ वरच्या शहाचंही तेच. सी२ वर प्यादं असेल तर सी३ करून उंटाला मागे रेटता येतं, ते पुढे गेल्यावर मोहराच मध्ये घालावा लागतो. एंग्लंड खेळणारा पांढऱ्याच्या सी४ ची वाटच बघत नाही. समोरच्याने दार उघडण्याआधीच हा भिंतीवर धडकतो. वर तिसऱ्याच चालीत वजीर ई७ वर, म्हणजे स्वतःच्या एफ८ च्या उंटाचा रस्ता बंद. बुडापेस्टमध्येही वजीर ई७ वर येतो, पण उंट बाहेर पडल्यावर. आधी कोण, मग कोण, याला बुद्धिबळात फार किंमत आहे.

बुडापेस्टची ही चाल १८९६ मध्ये, बुडापेस्ट शहरातच, मारोत्सी या हंगेरियन खेळाडूने ॲडलरविरुद्ध खेळल्याची नोंद आहे. पण तिला वजन आलं ते १९१८ च्या बर्लिनमध्ये. तिथे विडमारने रुबिनस्टाइनसारख्या दिग्गजाला याच गॅम्बिटने चोवीस चालींत हरवलं. रुबिनस्टाइनने प्यादं सोडलं नाही. बदल्यात त्याची सी-पट्टीवरची प्यादी एकामागे एक अशी जोडली गेली आणि काळ्याचे मोहरे भराभर बाहेर आले. प्यादं गेलं, पण त्याचं मोल मिळालं, तेही समोरचा सापळ्यात न सापडता. पांढऱ्याने चौथ्या चालीत घोडा एफ३ केलं, तर काळ्याकडे आणखी एक गमतीची युक्ती असते: ए५ खेळून हत्ती ए६ वर आणायचा आणि तिथून थेट एच६ वर, पांढऱ्या राजाच्या दारात.

तीन मिनिटांच्या डावात एंग्लंडने पुष्कळ गुण मिळतात, हे मात्र कबूल करायला हवं. मीच त्याचा पुरावा.

हे सगळं भाच्याला पटावर मांडून दाखवलं. आता मी डी४ केलं की तो शहाण्यासारखा घोडा एफ६ वर काढतो आणि माझ्या सी४ ची वाट बघत बसतो. मी दुसऱ्या चालीला घोडा एफ३ खेळतो. "मामा, सी४ खेळ ना बे!" असा त्याचा हट्ट रोज चालू आहे.