रमेश कृष्णन

कृष्णन, रमेश : (५ जून १९६१ – ). भारतीय टेनिसपटू. जन्म चेन्नई (तेव्हाचे मद्रास) येथे. व्यावसायिक एकेरीत ८ विजेतेपदे, ग्रँड स्लॅम (टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या) स्पर्धांत तीनदा उपांत्यपूर्व फेरी आणि जानेवारी १९८५ मध्ये जागतिक क्रमवारीत २३ वे स्थान, ही त्यांची ढोबळ कामगिरी. वडील रामनाथन कृष्णन १९६० व १९६१ असे सलग दोन वर्षे विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले होते, त्यामुळे रमेश यांच्या प्रत्येक यशाची तुलना घरातच होत राहिली. रामनाथन यांनी १९५४ मध्ये मुलांच्या गटातले विंबल्डन जिंकले होते. रमेश यांनी १९७९ मध्ये तेच जिंकले आणि त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेतले मुलांचे विजेतेपदही मिळवले. किशोरवयात काही काळ त्यांनी फ्लोरिडात ऑस्ट्रेलियाचे नामवंत प्रशिक्षक हॅरी हॉपमन यांच्याकडे धडे घेतले.

त्यांचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना आधी आठवते ती सर्व्हिस, आणि तीही तिच्या दुबळेपणामुळे. बिनतोड सर्व्हिसवर फुकटचे गुण मिळणे त्यांच्या नशिबी जवळजवळ नव्हतेच. दुसरी सर्व्हिस तर इतकी हळू यायची की तिच्यावर तुटून पडायचा मोह प्रतिस्पर्ध्याला आवरत नसे, आणि पुष्कळदा तिथेच तो फसे. रमेश चेंडू उसळताच, तो वर चढत असतानाच घेत. समोरच्याने लावलेला जोर त्यालाच परत करायचा, कोन काढून त्याला कोर्टाच्या एका कडेला ओढायचे आणि मग मोकळ्या जागेत चेंडू अलगद ठेवायचा, अशी त्यांची रीत. फटका कुठे जाणार याचा सुगावा मनगट शेवटच्या क्षणापर्यंत लागू देत नसे. लाकडी रॅकेट जाऊन ग्रॅफाइटची आली, इव्हान लेंडल आणि बोरिस बेकर या जोरकस खेळाडूंच्या धडाक्याने टेनिसचा वेगच बदलला. त्या दशकात या जुन्या घडणीच्या खेळावर पहिल्या पंचविसात शिरणे हे त्यांच्या विजेतेपदांपेक्षा मोठे मानायला हवे.

अमेरिकन खुल्या स्पर्धेत १९८१ साली उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी जॉन मॅकेन्रोकडून पहिला सेट टायब्रेकरमध्ये (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये) हिसकावला होता. सामना मात्र मॅकेन्रोने चार सेटमध्ये जिंकला. विंबल्डनमध्ये १९८६ साली आणि पुन्हा न्यूयॉर्कच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत १९८७ साली ते याच टप्प्यापर्यंत गेले. विजेतेपदांची सुरुवात १९८१ मध्ये मनिलात झाली. पुढे श्टुटगार्ट, टोकियो, हाँगकाँग, वेलिंग्टन, ऑकलंड अशी नावे त्या यादीत जमा झाली.

सर्वांत गाजलेला विजय १९८९ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेतला. मॅट्स विलँडर गतविजेता होता, १९८८ मधल्या चारपैकी तीन ग्रँड स्लॅम त्याच्या नावावर होत्या आणि जागतिक क्रमवारीत तो पहिला होता. दुसऱ्या फेरीत रमेश यांनी त्याला ६-३, ६-२, ७-६ असे सरळ सेटमध्ये घरी पाठवले. विलँडर चुका न करता समोरच्याला थकवणारा खेळाडू. त्याला संयमाच्याच खेळात मागे टाकले, हे विशेष.

देशांच्या संघांमध्ये पाच-पाच सामन्यांच्या लढतींनी खेळल्या जाणाऱ्या डेव्हिस करंडकातले १९८७ हे वर्ष मात्र स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे. दिल्लीत अर्जेंटिनाविरुद्ध भारत बाहेर पडण्याच्या काठावर होता. विजय अमृतराज यांनी मार्टिन हाइतेविरुद्ध मॅच पॉइंट (सामना गमावायला एकच गुण उरलेला असताना तो गुण) वाचवून बरोबरी साधली आणि शेवटची लढत रमेश यांनी जिंकून दिली. पुढची गाठ इस्राएलशी. त्या देशाशी भारताचे पूर्ण राजनैतिक संबंध नसतानाही सरकारने परवानगी दिली आणि दिल्लीतच भारत जिंकला. उपांत्य फेरीत गतविजेत्या ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी, सिडनीच्या हिरवळीवर हरवायचे होते. रमेश यांनी तिथे जॉन फिट्झजेराल्डला हरवले आणि २-२ अशा बरोबरीनंतर निर्णायक सामन्यात वॉली मसूरला एकही सेट दिला नाही. अंतिम लढतीसाठी स्वीडनने गोथेनबर्गमध्ये बंदिस्त सभागृहात क्ले कोर्ट (मातीचे कोर्ट) अंथरले. गवतावर वाढलेल्या भारतीयांसाठी याहून प्रतिकूल जागा शोधूनही सापडली नसती, निकाल ०-५. तरी त्याआधीच्या दोन अंतिम फेऱ्या आठवाव्यात: १९६६ च्या संघात वडील रामनाथन होते, आणि १९७४ मध्ये वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेशी खेळायलाच नकार दिला होता.

बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये (१९९२) ३१ वर्षांचे रमेश १९ वर्षांच्या लिअँडर पेससोबत दुहेरीत उतरले. उपांत्यपूर्व फेरीत क्रोएशियाच्या इव्हानिसेविच–प्रपिच जोडीने त्यांना रोखले. त्या वेळी उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्यपदक मिळत असे, म्हणजे पदक एका विजयावर होते. दुसऱ्या वर्षी फ्रान्समधल्या फ्रेजूस येथे, तेही क्ले कोर्टवर, डेव्हिस करंडकाची निर्णायक लढत रोडॉल्फ जिल्बेरविरुद्ध जिंकून त्यांनी भारताला उपांत्य फेरीत नेले. चंडीगडमध्ये ऑस्ट्रेलियाने ती वाटचाल थांबवली. १९९३ मध्येच रमेश निवृत्त झाले.

अर्जुन पुरस्कार (१९८०) आणि पद्मश्री (१९९८) हे त्यांना मिळालेले सन्मान. निवृत्तीनंतर वडिलांसोबत त्यांनी चेन्नईत टेनिस प्रशिक्षण केंद्र सुरू केले.