जनुकीय अभियांत्रिकी आणि संश्लेषी जीवशास्त्र: दहावीच्या विद्यार्थ्याला फरक कसा सांगावा?

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ हा पाठ आहे आणि तो शिकवताना नागपुरातील शिक्षकाला उदाहरण शोधत दूर जावे लागत नाही. शहराबाहेर पडले की बीटी कपाशीची शेते लागतात आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही याच शहरात आहे. त्यामुळे जनुकीय अभियांत्रिकी मुलांना बऱ्यापैकी उमगते. मात्र सिंथेटिक बायोलॉजी, म्हणजेच संश्लेषी जीवशास्त्र, असे कोणी म्हटले की ते त्याच पाठाचे नवे नाव असावे, असा समज होतो. डीएनए कापण्याची, जोडण्याची आणि त्याच्या प्रती काढण्याची साधने दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. तरीही तो दूर करायला हवा, कारण या विषयाकडे कोणत्या विद्यार्थ्याने वळावे, याचे उत्तर त्यामुळे चुकते.

बीटी कपाशीत काय केले गेले ते पाहू. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जीवाणूकडे असे एक जनुक आहे की त्यापासून तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात गेल्यावर तिला मारक ठरते. हे जनुक कपाशीत बसवले गेले आणि 2002 मध्ये भारतात अशा वाणांच्या लागवडीला परवानगी मिळाली. मानवी इन्सुलिनचे जनुक जीवाणूत घालून इन्सुलिन तयार करण्याचे काम 1978 मध्ये झाले, तेही याच धर्तीचे होते. निसर्गात सिद्ध असलेला एक गुण एका सजीवाकडून घेऊन दुसऱ्याला द्यायचा, हा जनुकीय अभियांत्रिकीचा मूळ विचार आहे. (पुढे गुलाबी बोंडअळी या प्रथिनांना दाद देईनाशी झाली, हे विदर्भातील शेतकऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.)

संश्लेषी जीवशास्त्राचा आरंभ वेगळ्या प्रश्नाने होतो: पेशीने नेमके कसे वागावे, आणि तसे वागण्यासाठी कोणते जनुकीय भाग, कोणत्या क्रमाने आणि किती प्रमाणात जोडावे लागतील? याचे स्पष्ट उदाहरण 2000 साली प्रसिद्ध झाले. गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स या संशोधकांनी ई. कोलाय जीवाणूत दोन जनुके अशी मांडली की प्रत्येकाचे प्रथिन दुसऱ्याला दाबून ठेवील. परिणामी एका वेळी एकच जनुक चालू राहते. बाहेरून योग्य रसायन किंवा उष्णता दिली की बाजू पालटते आणि तो संकेत काढून घेतल्यावरही पेशी नव्या स्थितीतच राहते. दिव्याचे बटण दाबून सोडल्यावर दिवा लागलेलाच राहावा, तसे हे वर्तन आहे. हा परिपथ संशोधकांनी आधी समीकरणांत मांडला, मग जीवाणूत उभारला आणि मोजमाप करून पडताळला.

या दोन क्षेत्रांतील सीमा मात्र काटेकोर नाही. पाण्यातील फ्लोराइड ओळखणारी चाचणी घ्या. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड अधिक असल्यामुळे ती आपल्याला जवळची वाटावी. काही जीवाणूंमध्ये आरएनएचा असा एक तुकडा असतो की फ्लोराइड चिकटले की तो पुढचे जनुक चालू करतो. त्यापुढे रंग उत्पन्न करणारे जनुक जोडले की पाण्यातील फ्लोराइड डोळ्यांना दिसू लागते. अशी चाचणी जिवंत पेशीविना, वाळवलेल्या मिश्रणात पाण्याचा नमुना टाकून करता येते, हे अमेरिकेतील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले. यातील प्रत्येक भाग निसर्गातून घेतलेला आहे. नवी आहे ती मांडणी.

अशी मांडणी आधी समीकरणांत करून पाहता येते, म्हणूनच मला आग्रहाने सांगावेसे वाटते की अकरावीत जीवशास्त्र घेतले म्हणून गणित सोडण्याची घाई करू नये. नीटच्या तयारीत गणित ओझे वाटते हे खरे, पण ज्याला गणितही आवडते आणि सजीवही आवडतात, अशा मुलासाठीच हे क्षेत्र आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये 2003 साली एका अभ्यासवर्गातून सुरू झालेल्या ‘आयजेम’ या संश्लेषी जीवशास्त्राच्या स्पर्धेत शालेय संघही भाग घेतात.

प्रत्यक्ष जीवाणूंवरचे काम घरी किंवा शाळेच्या साध्या प्रयोगशाळेत करू नये. आपल्याकडे 1989 चे नियम लागू आहेत आणि जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या संस्थेला जैवसुरक्षा समिती नेमावी लागते. वरच्या दोन जनुकांच्या परिपथाचा आराखडा संगणकावर करून पाहायला मात्र कोणतीही आडकाठी नाही. संगणकावरच्या तक्त्यात दोन स्तंभ घ्यावेत, प्रत्येकात एका प्रथिनाचे प्रमाण लिहावे आणि दर ओळीला नवी निर्मिती मिळवून झालेला ऱ्हास वजा करावा. दुसरे प्रथिन वाढेल तशी पहिल्याची निर्मिती घटेल, असे सूत्र ठेवावे. सुरुवातीचे आकडे बदलत गेल्यावर कधी एक प्रथिन जिंकते, कधी दुसरे. आणि परस्परांना दाबण्याची क्रिया पुरेशी तीव्र ठेवली नाही, तर दोन्ही मध्येच कुठेतरी स्थिरावतात आणि बटण तयारच होत नाही.