दातावरचा पांढरा डाग: कीड की फ्लोरोसिस?

मुलाच्या पुढच्या पक्क्या दातावर पांढरा डाग दिसला की घरात बहुधा पाण्यावर ठपका ठेवला जातो. ‘फ्लोराइड जास्त झालं’, म्हणजे हा फ्लोरोसिस (जास्त फ्लोराइडमुळे पडणारे डाग), असं समजून दुसऱ्याच दिवशी बिनफ्लोराइडची टूथपेस्ट येते. ही घाई महागात पडू शकते. सुरुवातीची कीडही अशीच पांढरी दिसते, आणि तिला थांबवायला फ्लोराइडच लागतं.

दोन्ही डाग पांढरे दिसण्याचं कारण एकच आहे. निरोगी एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, घट्ट असतं, त्यातून प्रकाश आत जातो. पृष्ठभागाखाली बारीक बारीक पोकळ्या झाल्या की तिथे प्रकाश विखुरतो आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. फरक आहे तो या पोकळ्या कधी आणि कशा झाल्या यात.

कीड लागते ती पूर्ण तयार होऊन तोंडात आलेल्या दाताला. दातावरच्या चिकट थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. फ्लोरोसिसचं तसं नाही. दात हिरडीच्या आत घडत असताना पोटात जास्त फ्लोराइड गेलं, तर एनॅमल पुरतं पक्व होत नाही आणि दात डाग घेऊनच बाहेर येतो. अक्कलदाढा सोडल्या तर बाकीच्या दातांचं एनॅमल आठव्या वर्षाच्या आसपास घडून झालेलं असतं. म्हणूनच बाराव्या वर्षी, आधी स्वच्छ असलेल्या दातावर नवा पांढरा डाग उमटला, तर तो फ्लोरोसिसचा नव्हे. त्या वेळी पाण्याला दोष देत बसलात तर किडीला तेवढी मोकळीक मिळते.

आरशासमोर उभं राहून, चांगल्या उजेडात ओठ वर करून बघा. किडीचा डाग हिरडीच्या कडेला लागून असतो, जिथे ब्रश नीट पोचत नाही तिथे. दातांना तारा लावल्या असतील तर तो चिकटवलेल्या तुकड्यांभोवती दिसतो. खडूसारखा निस्तेज आणि खरखरीत वाटतो, आणि वरचा चिकट थर पुसला की जास्त स्पष्ट होतो. फ्लोरोसिसच्या रेषा दातावर आडव्या, पुसट, ढगासारख्या असतात, किंवा टोकांवर बर्फ पडल्यासारखं दिसतं. उजव्या बाजूच्या दातावर असतील तर डाव्या बाजूच्या त्याच दातावरही असतात, कारण ते दोन्ही दात एकाच काळात घडलेले असतात. सौम्य प्रकारात पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. तीव्र प्रकारात मात्र तपकिरी डाग आणि खड्डे पडतात. डेंटिस्ट दात हवेने सुकवून बघतात तेही याचसाठी: पोकळ्यांतलं पाणी जाऊन हवा भरली की डाग उठून दिसतो. दात सुकवल्यावरच दिसणारी कीड अजून वरवरची असते.

गंमत म्हणजे फ्लोराइडचा उपयोग समजला तो फ्लोरोसिसमुळेच. फ्रेडरिक मॅके हे डेंटिस्ट 1901 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आले, तेव्हा तिथल्या अनेकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. पुढे लक्षात आलं की अशा डागी दातांना कीड कमी लागते. डागांचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे 1931 साली उघड झालं. मग ट्रेंडली डीन या अमेरिकी दंतसंशोधकांनी गावोगावच्या पाण्याची तुलना केली. लिटरला सुमारे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर कीड घटते आणि डाग जेमतेम पडतात, असं त्यांना आढळलं. 1945 साली अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली. आज अमेरिकेत शिफारस 0.7 मिलिग्रॅमची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा 1.5 आहे. आता फ्लोराइडच्या टूथपेस्ट सर्रास वापरल्या जात असल्याने पाण्यातल्या फ्लोराइडचा जादाचा फायदा पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही, आणि सौम्य फ्लोरोसिस थोडा वाढतो, हेही मान्य करायला हवं.

पण त्यासाठी टूथपेस्ट सोडू नका, तिचं माप सांभाळा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटाराच्या दाण्याएवढी पुरते. ती गिळायची नाही, थुंकायची, आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. पाणी बोअरचं असेल तर त्यातलं फ्लोराइड एकदा तपासून घ्या. ते उकळून कमी होत नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

फ्लोरोसिसचा डाग आपणहून पुढे पसरत नाही. किडीचा पसरतो, पण खड्डा पडण्याआधी लक्ष दिलं तर थांबतोही: लाळेतलं कॅल्शियम फ्लोराइडच्या मदतीने परत आत बसतं, खडूसारखा भाग कडक होतो, त्याला पुन्हा चकाकी येते. डाग पूर्ण जाईलच असं नाही, पण ड्रिल लावायची वेळ टळते.