“लिहायला कधी घेणार?” : नव्या पालकांसाठी माहिती

प्रवेश घेताना बहुतेक पालक हा प्रश्न विचारतात, म्हणून आधीच सांगतो. आमच्या बालवाडीत पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांना अक्षरं गिरवायला बसवत नाही. गृहपाठही नाही.

कारण त्यांच्या हातातच आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत त्यातली दोन-तीनच दिसतात, बाकी सगळी अजून मऊ कूर्चा. अशा हाताला तासभर पेन्सिल धरायला लावली की बोटं दुखतात, मूल रडकुंडीला येतं आणि लिहिण्याची नावड तिथूनच सुरू होते.

मग मुलं करतात काय? कणीक मळतात. तांब्यातून पेल्यात पाणी ओततात, सांडलं तर स्वतः पुसतात. चिंचोके मोजतात, तेही ताई शेजारी बसलेल्या असतानाच, कारण या वयात बी नाकात जायला वेळ लागत नाही. आणि दोरीवर रुमाल वाळत घालून चिमटे लावतात. चिमटा दाबायला अंगठा आणि शेजारची दोन बोटं लागतात, पेन्सिल धरायलाही तीच. जूनमध्ये दोन्ही हातांनी चिमटा दाबूनही तो न उघडणारी एक चिमुरडी दिवाळीनंतर ओळीने सात रुमाल लावून ताईंना ओढत दाखवायला घेऊन गेली. तिच्या लिखाणाची तयारी आम्ही त्या दोरीवर पाहिली.

ही वाट आम्ही शोधलेली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. तिथे महागडी साधनं नव्हती. आजूबाजूला मिळेल त्यातूनच मुलं शिकली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावरच भर आहे.

पहिले पंधरा दिवस रडारड होणार, घाबरू नका. मात्र मुलाची नजर चुकवून निघून जाऊ नका. त्याला सांगा, “डबा खाऊन झाला की मी येते,” आणि त्या वेळेला दारात उभे राहा. रोज शब्द पाळलात की रडणं आपोआप कमी होतं.

घरी अहिराणी, मालवणी, हिंदी, जी बोलता तीच बोला. ताई मुलाच्या बोलीतले शब्द विचारून घेतात. शाळेसाठी घरची भाषा बदलू नका, ही आमची कळकळीची विनंती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसात दहा ते तेरा तास झोप हवी आणि मोबाइल-टीव्ही तासाभरापेक्षा जास्त नको. जेवताना तर मोबाइल नकोच.

पिशवीत एक जादा कपड्यांचा जोड, जुना मऊ रुमाल आणि मुलाला स्वतः उघडता येईल असा डबा द्या. कपडे मळतील, म्हणून नवे घालू नका.