एटीएम कॅशआउट

एटीएम कॅशआउट म्हणजे आधी बँकेची सिस्टीम हॅक करायची आणि मग ठरलेल्या वेळी वेगवेगळ्या गावांतून, देशांतून एकदमच बनावट कार्डं घालून कॅश काढायची. एखाद्याचा पिन चोरून दहा-वीस हजार काढणं वेगळं, इथं खुद्द बँकच फसवली जाते. कोल्हापूरचं नाव यात आलं ते ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या केसमुळं.

कार्ड घातलं की एटीएम स्विचमधून, म्हणजे एटीएम आणि बँक यांच्यात निरोप पोचवणाऱ्या संगणक यंत्रणेतून, बँकेकडं विचारणा जाते, शिल्लक बघून होकार येतो. हॅकरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, टाकून मध्येच आपला खोटा स्विच बसवला, मग विचारणा बँकेपर्यंत पोचायचीच नाही आणि उत्तर दरवेळी एकच, द्या पैसे. त्यामुळं खातेदारांच्या खात्यातून काही वजा झालं नाही, बुडाले ते बँकेचे. ११ ऑगस्टला दुसरा शनिवार होता, बँक बंद, आणि तो मुहूर्त काही उगाच काढलेला नसणार. काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी निघाले, वर सोमवारी १३ तारखेला स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या नेटवर्कवरून, जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

भारतातली कॅश जिथून निघाली त्यात मुंबई, इंदूर यांच्या जोडीला कोल्हापूर होतं. एटीएमच्या सीसीटीव्हीत पैसे काढणारे दिसले, पोलिसांच्या एसआयटीला, म्हणजे विशेष तपास पथकाला, धागा मिळाला, धरपकड झाली आणि २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना दोषी ठरवलं. पण हे सगळे कार्ड घेऊन हिंडणाऱ्या, इथल्या साखळीतले. स्विच ज्यांनी ताब्यात घेतला ते कुठं? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला, आणि तिथं आपल्या पोलिसांचं काय चालणार.

परदेशातून पुरावा हवा असेल तर तपास अधिकाऱ्याचं तिकडच्या पोलिसांना नुसता फोन करून भागत नाही. कोर्टातून विनंतीपत्र काढावं लागतं, ते दिल्लीतून गृहमंत्रालयामार्फत पुढं जातं, आणि पैसा तोवर चार खाती बदलून झालेला असतो. इंटरपोलचं काम आपल्याकडं सीबीआय बघते. रेड नोटीस निघाली की इंटरपोलचे पोलीस येऊन बेड्या घालतात असं लोकांना वाटतं, तसं काही नसतं, ती फक्त सदस्य देशांना केलेली विनंती असते, अटक करायची का नाही ते तो देश आपल्या कायद्याप्रमाणं ठरवतो.

बँकांच्या जबाबदारीचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट आणली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकांना एटीएम स्विच पुरवणाऱ्या कंपन्यांसाठीही नियम आले. सहकारी बँकांनी भरलेल्या कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात हा दुसरा नियम जास्त महत्त्वाचा, कारण छोट्या बँकेचा स्विच बऱ्याचदा तिचा स्वतःचा नसतोच.